शर्वरीच्या ओढणीवरचा थेंब

दार उघडलं तेव्हा शर्वरी फरशीवर एका कुशीवर पडलेली होती. तिच्या उजव्या हाताशी वितळवलेलं पांढरं पॉलिएस्टर सांडून गोठलं होतं.

जयपूरच्या मालवीय नगरातल्या त्या खासगी प्रयोगशाळेत रविवारी कुणी येत नसे. तिथे संशोधक असलेली लेक फोन उचलत नाही म्हणून तिचे वडील, छावणीतले सुभेदार उत्तम निकाळजे, स्वतः शोधत आले आणि वॉचमन चंदनने वरच्या मजल्यावरची ती लहान खोली उघडली. न्यायवैद्यक प्रयोगशाळेची प्रणाली वानखडे पोलिसांबरोबर पोचली, तेव्हा सुभेदार लेकीच्या पायाशी उभे होते. हात लावू नका, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी लावला नव्हता.

प्रणाली भुसावळहून बदली झालेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी, जयपुरातच वाढलेली. मृत्यू तिने पुष्कळ पाहिले होते. तरी त्या खोलीत ती क्षणभर थबकली. जूनचा महिना, वीज सकाळपासून गेलेली, खोली भट्टीसारखी तापलेली. आणि शर्वरीच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

इन्स्पेक्टर शेखावतांना प्रकरण सरळ दिसत होतं. प्लास्टिकच्या जातीचं हे पॉलिएस्टर वितळताना हवेत खराब होतं, म्हणून ते नायट्रोजनमध्ये वितळवतात. बाहेरच्या सिलिंडरमधून नळी आत येते आणि वायू एक्झॉस्ट पंख्याने बाहेर जातो. वीज गेली, पंखा थांबला आणि खोलीत नायट्रोजन साठला. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला घुसमटही जाणवत नाही, तो नुसता कोसळतो. वीज दुरुस्तीसाठी बंद राहणार हे साऱ्या वस्तीला आधीच कळवलेलं होतं. पॉलिएस्टर वितळवायचा हीटर इन्व्हर्टरवर चालत असे. एसी आणि पंखा नाही. उन्हाने तापलेल्या खोलीमुळे मृत्यूची वेळही डॉक्टरांना नक्की सांगता येईना.

सुभेदार एवढंच म्हणाले, की लेक कालपासून अस्वस्थ होती. सोमवारी इस्पितळातल्या डॉक्टरांना भेटून काहीतरी सांगायचंय, असं म्हणत होती.

शर्वरीचे वरिष्ठ डॉ. अभिनव टिल्लू दुसऱ्या दिवशी जबाबाला आले. तेही जयपुरातच वाढलेले, मराठी जरा अडखळत बोलणारे. रविवारी दुपारपासून ते सिविल लाइंसमध्ये एका अधिकाऱ्याच्या बंगल्यावर जेवणाला होते. दहा माणसांनी त्यांना तिथे पाहिलं होतं.

"तुम्ही निघालात तेव्हा शर्वरी जिवंत होती?" प्रणालीने विचारलं.

"होती. मतलब, दारातून बोललो मी तिच्याशी. चंदनने ऐकलंय."

"चंदनने तुमचा आवाज ऐकला. तिचा नाही."

"तिने मान हलवली. कामात होती."

"वीज जाऊन तेव्हा बराच वेळ झाला होता?"

"बराच. खोली तापली होती. मीच म्हटलं, आता बंद कर."

"सांडलेलं पॉलिएस्टर साधंच होतं? काही न मिसळलेलं?"

"एकदम साधं. त्याची क्ष-किरण तपासणी करा, प्रणालीजी. कुठल्या तापमानाला गोठलं, ते स्फटिकच सांगतील."

ते खोटं नव्हतं. हे पॉलिएस्टर दोन रूपांत गोठतं. थंड खोलीत गोठलं तर त्याचे स्फटिक बीटा रूपाचे होतात, गरम खोलीत आल्फा रूपाचे. तपासणीत आल्फा निघालं. म्हणजे वीज जाऊन खोली तापल्यावर शर्वरी कोसळली होती. टिल्लूंच्या जबाबाशी ते जुळत होतं आणि दुपारपासून ते सिविल लाइंसमध्ये होते. शेखावत प्रकरण मिटवायला निघाले.

प्रणालीला मात्र तो स्वेटर सोडत नव्हता. तापलेल्या खोलीत कुणी गळ्यापर्यंत बटणं लावून बसतं?

तिने नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. पॉलिएस्टरमध्ये बारीक पूड विखुरलेली होती. मग ती पुन्हा त्या खोलीत गेली. गोठलेल्या डागाच्या शेजारी फरशीचा हातभर तुकडा बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ होता आणि त्यावर सुरीचे ओरखडे होते. शवविच्छेदनाच्या अहवालात उजव्या हाताची दोन नखं उपटलेली, रक्त न येता, म्हणजे मृत्यूनंतर, अशी नोंद होती. शेवटी तिने मृत मुलीची ओढणी मागवली. अंगाखाली दबलेल्या घडीत एक पांढरा थेंब चिकटला होता. त्यात पूड नव्हती.

टिल्लूंना पुन्हा बोलावलं, तेव्हा समोर शेखावतही बसले होते.

"सांडलेलं पॉलिएस्टर साधं नव्हतं," प्रणाली म्हणाली. "त्यात केंद्रकाची पूड होती. दुधाला विरजण लावावं तशी ती वितळलेल्या पॉलिएस्टरला लावतात. स्फटिक झटकन धरतात. आणि ही पूड असली की थंड खोलीतही आल्फा रूपच तयार होतं. हे तुम्हाला माहीत आहे, डॉक्टर. तरी तुम्ही साधं म्हणालात आणि तपासणीचा आग्रहही तुम्हीच धरलात."

प्रणालीने ओढणीची पुडी टेबलावर ठेवली.

"शर्वरी दोन भांडी घेऊन बसली होती. एकात पूड, एकात नाही. दोन्ही सांडली. साधं पॉलिएस्टर थंडीत बीटा रूपात गोठलं असणार, म्हणून तेवढंच तुम्ही खरवडून नेलंत. तिची बोटं त्यात रुतली होती, ती ओढून काढलीत. पण एक थेंब ओढणीच्या घडीत राहिला. तो बीटा निघाला. म्हणजे ती कोसळली तेव्हा एसी चालू होता, म्हणून तर तिच्या अंगात स्वेटर होता. वीज गेलेलीच नव्हती. आणि वीज असताना पंखा बंद झाला, म्हणजे तो कुणीतरी बंद केला. त्याचं बटण खोलीबाहेर आहे. त्या वेळी इमारतीत वर तुम्ही होतात, खाली चंदन होता. कुठला डाग खरवडायचा हे चंदनला कळणार नाही. दुपारी निघताना दारातून मेलेल्या शर्वरीशी बोललात, ते त्याला ऐकवायला."

कारणही तिने शोधलं होतं. ही प्रयोगशाळा रुग्णांच्या कातडीखाली बसवायच्या, हळूहळू औषध सोडणाऱ्या बारीक कांड्या करत होती. काम लवकर उरकावं म्हणून टिल्लूंनी त्यात गुपचूप पूड मिसळली. कांड्या आल्फा रूपाच्या झाल्या. हे रूप शरीरात लवकर विरघळतं आणि औषध एकदम सुटतं. इस्पितळात चाललेल्या चाचणीतले दोन म्हातारे दगावले होते. वयाने गेले, असं सगळे समजत होते. शर्वरी दोन्ही रूपं शेजारी शेजारी ओतून तेच पडताळत होती आणि सोमवारी डॉक्टरांना सांगणार होती.

"तिला त्रास झाला नाही," टिल्लू अखेर म्हणाले. "नायट्रोजनने काही कळत नाही. झोप लागल्यासारखं होतं."

"तुम्ही दार उघडलंत, तेव्हा ती मेली होती?" शेखावतांनी विचारलं.

टिल्लूंनी टेबलाकडे पाहिलं.

"पहिल्यांदा उघडलं तेव्हा नाही. श्वास चालू होता. हवा आत गेल्यावर डोळे उघडले तिने. मला सर म्हणाली."

"मग?"

"दार परत लावून घेतलं."

शेखावत खुर्ची सरकवून उठले आणि त्यांनी हवालदाराला बेड्या आणायला सांगितलं. बाहेर बाकावर सुभेदार निकाळजे बसले होते. लेकीला त्रास झाला का, तेवढं सांगा, असं त्यांनी सकाळीच प्रणालीला विचारलं होतं. ती खोलीचं दार लोटून घेऊन बाहेर आली, त्यांच्याशेजारी बसली आणि नाही म्हणाली.