काजळकाच

"खिडकीची जागा ही चैन आहे. मंजूर करता येत नाही." विमानाच्या तिकिटाच्या अर्जावरचा लेखा विभागाचा हा शेरा वाचून डॉ. हेमांगी टिळेकर तो कागद घेऊन तडक प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांनी तो डॉ. अन्वर शिकलगारांच्या टेबलावर आपटला. शिकलगारांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि लेखाधिकारी बोडसांना खाली बोलावून घेतले.

पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेची एक अख्खी भिंत म्हणजे हिंदी महासागराचा नकाशा होता. नकाशावर सव्वीस विमानांचे मार्ग लाल रेषांनी दाखवले होते आणि त्या रेषांना आडवा छेदत पूर्वेकडून पश्चिमेकडे एक करडा पट्टा गेला होता. पट्ट्याखाली जाड अक्षरांत 'आगंतुक' असे लिहिलेले होते.

"हा आगंतुक म्हणजे तोच ना, बातम्यांतला?" बोडसांनी विचारले.

"तोच," हेमांगी म्हणाल्या. "सूर्यमालेच्या बाहेरून आलाय. सध्या मंगळ आणि गुरूच्या मधून चाललाय आणि एकदा गेला की पुन्हा कधीच येणार नाही. मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतही नुसता ठिपका दिसतो. तो दगड आहे की कुणी बनवलेली वस्तू आहे, यावर सगळं जग भांडतंय. आणि ते ठरवायची एकच संधी आहे, येत्या गुरुवारी संध्याकाळी."

"त्याचा आणि खिडकीचा काय संबंध?"

शिकलगारांनी टेबलावरचा दिवा भिंतीकडे वळवला आणि त्याच्यासमोरून आपला हात हळूहळू सरकवला. हाताची सावली भिंतीवरून सरकत गेली.

"गुरुवारी आगंतुक एका ताऱ्यासमोरून जाणार आहे. ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पडेल आणि ती पृथ्वीवरून झपाट्याने सरकत जाईल. आता या भिंतीवर मुंग्या आहेत असं समजा. अंगठ्याच्या सावलीतली मुंगी सांगेल, जरासा अंधार झाला. तळव्याच्या सावलीतली सांगेल, बराच वेळ अंधार होता. प्रत्येकीचं सांगणं म्हणजे एक रेघ, आम्ही तिला छायारेघ म्हणतो. सगळ्या छायारेघा एकाखाली एक मांडल्या की हाताचा आकार तयार होतो. हात न बघता."

"आणि मुंग्या म्हणजे विमानं," बोडस म्हणाले. माणूस हुशार होता, फक्त लेखा विभागात होता.

"बरोबर. खाली सगळीकडे पावसाळी ढग आहेत, ढगांच्या वर फक्त विमानं. प्रत्येक विमानाच्या एका खिडकीच्या चौकटीत आतल्या बाजूने आम्ही तारावेधक बसवलाय. ताऱ्याचा उजेड मोजणारी काडेपेटीएवढी डबी आहे. विमान कंपन्यांनी तपासून सील केलीये, आता जागची हलवता येत नाही. हेमांगीताईंचं पुणे-नैरोबी विमान सावलीच्या बरोबर मध्यावर आहे. म्हणजे आगंतुकाची पूर्ण लांबी त्याच रेघेत मिळणार. डबी तेवीस-एच्या खिडकीत आहे, आणि त्या जागेवर आमचा माणूस हवा."

"का? डबी आपोआप चालत नाही?"

"डबी चालते हो. काच चालत नाही," हेमांगी म्हणाल्या.

यातली मेख अशी होती की विमानांच्या खिडक्यांची सरकती झापडी जाऊन आता काजळकाच आली होती. बटण दाबले की काच काळीकुट्ट होते, पुन्हा दाबले की स्वच्छ. पण ऊन आले, झोप मोडली, सूर्यास्त बघायचाय अशा कारणांवरून आकाशात इतकी भांडणे झाली की कंपन्यांनी हात टेकले आणि ते बटण केवळ खिडकीशेजारच्या प्रवाशाच्या अंगठ्याच्या ठशाला जोडून टाकले. आता ज्याची खिडकी त्याचे राज्य. हवाई सुंदरीनेही हात जोडावेत आणि गप्प बसावे.

बोडसांनी सगळे मन लावून ऐकले. "सगळं पटलं. पण नियमात प्रवास बसतो, खिडकी बसत नाही. एक करा, शेजारची मधली जागा घ्या, तिला जादा आकार नाही. खिडकीवाल्याला विनंती करायची, बाबा रे, काच उघडी ठेव. नाही कोण म्हणणार आहे? माणूस खिडकी घेतो ती बाहेर बघायलाच ना?"

हे म्हणणे इतके बिनतोड वाटले की दोन्ही शास्त्रज्ञांनी मान डोलावली. तरीही हेमांगींनी संध्याकाळी घरी जाऊन पदरचे पैसे भरायचे ठरवले, तोवर तेवीस-ए विकली गेली होती. त्यांनी तेवीस-बी घेतली.

गुरुवारी हेमांगी विमानात शिरल्या. पंधरा वर्षे त्या आकाशातल्या दगडधोंड्यांच्या सावल्यांमागे धावल्या होत्या. अशी सावली आयुष्यात एकदाच मिळते आणि ती आज मिळणार होती. त्या तेविसाव्या रांगेपाशी आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

खिडकीशी एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. पट्टा करकचून आवळलेला, दोन्ही हात मांड्यांवर घट्ट रोवलेले. विमान अजून जमिनीवर होते आणि काच काळीकुट्ट होती.

हेमांगींनी उड्डाण होऊ दिले, जेवण होऊ दिले, ओळख करून घेतली. गृहस्थांचे नाव जयसिंगराव घोरपडे. कोल्हापूरचे बांधकाम ठेकेदार, मुलीकडे नैरोबीला निघालेले. मग हेमांगींनी हसून विचारले, "घोरपडेसाहेब, जरा काच उघडता का? माझं थोडं काम आहे."

"राग मानू नका मॅडम, पण तेवढं सोडून काय पण सांगा."

"पण तुम्ही खिडकीची जागा घेतलीत ती..."

"बंद ठेवायला घेतलीय," घोरपडे शांतपणे म्हणाले. "मला उंचीचं लई भ्या वाटतंय बघा. बारा-बारा मजली इमारती बांधल्या, पण स्वतः राहतोय तळमजल्यावर. खिडकीत दुसरं कोण बसलं की ते उघडतंयच. मग खाली दिसतंय, मग माझ्या पोटात गोळा येतोय. म्हणून दर टायमाला जादा पैसे भरून खिडकी मीच घेतो आणि लावून टाकतो."

हेमांगींना बोडस आठवले. माणूस खिडकी बाहेर बघायलाच घेतो, हे गृहीत धरताना दोन डॉक्टरेट आणि एक लेखाधिकारी एकाच खड्ड्यात पडले होते.

मग त्यांनी समजावून पाहिले. आगंतुक, तारा, सावली, मुंग्या, सगळे सांगितले. घोरपड्यांनी डोळे विस्फारून ऐकले, मध्ये दोन अगदी नेमके प्रश्नही विचारले. अंगठा मात्र बटणाकडे हलला नाही. "एवढी सव्वीस विमानं हायत की. एक नसलं तर काय होतंय?"

"मधली रेघ कच्ची राहील. पूर्वेकडची दोन विमानंही त्याच रेघेवर आहेत, पण तिघांची नोंद जुळली तरच लोक मानतील."

तेवढ्यात कानातल्या यंत्रात शिकलगारांचा आवाज आला. पंचवीस वर्षांत त्यांचा आवाज हेमांगींनी कधी चढलेला ऐकला नव्हता. आज तो चढला होता.

"हेमांगी, ऐक. बंगालच्या उपसागरावरच्या दोन्ही विमानांचे आलेख आले. तारा विझला, पण पुरता नाही. मध्येच उजेड येतोय. ओळीने, सारख्या अंतरावर, अकरा वेळा. आरपार भोकं आहेत त्याला. एकेक किलोमीटरभर रुंद."

हेमांगींनी कानातले यंत्र दाबून धरले. "सारख्या अंतरावर?"

"फक्त एका ठिकाणी नाही. सहाव्यानंतर दुप्पट जागा आहे, जणू तिथलं एक गायब आहे. दोन्ही विमानांत नेमकं तिथेच, म्हणजे डबीचा दोष नाही. पण लोक म्हणणारच, बघा, ओळ मोडलीये, दगडच आहे, भोकं योगायोगाने पडलीयेत. मला तिसरी रेघ हवी. सावली तुझ्याकडे निघालीये. तीन मिनिटं आहेत. काच उघडी आहे ना?"

हेमांगींनी डबीचा आलेख दाखवणारा छोटा पडदा मांडीवर घेतला. त्यांनी घोरपड्यांकडे पाहिले. आता मुंग्या आणि सावल्या सांगण्यात अर्थ नव्हता, आणि त्या एकदम खरे तेच बोलल्या.

"घोरपडेसाहेब, मला खूप भीती वाटतेय. पंधरा वर्षं केलेलं सगळं पुढच्या तीन मिनिटांत आहे, आणि ते तुमच्या अंगठ्याखाली आहे. मी तुम्हाला बाहेर बघा म्हणत नाही. डोळे मिटा. मी तुमचा हात धरते. सावली गेली की लगेच बंद करा."

घोरपड्यांच्या कपाळावर घाम आला होता. कडेच्या जागेवरचा प्रवासी वर्तमानपत्र खाली करून बघत होता.

"आत्ता बाहेर काय दिसंल?"

"अंधार पडलाय. खाली काहीच दिसणार नाही. फक्त तारे, आणि त्यातला निळसर तो आपला."

"खाली नाय दिसणार? शब्द?"

"शब्द."

घोरपड्यांनी उजवा हात पुढे केला. हेमांगींनी तो दोन्ही हातांत धरला. मग घोरपड्यांनी डोळे गच्च मिटले, तोंडाने काहीतरी पुटपुटले आणि डाव्या हाताचा अंगठा बटणावर दाबला. काचेवरचा काळेपणा कडांकडे विरत गेला. डबीवरचा हिरवा दिवा लागला.

"उघडली," हेमांगी कुजबुजल्या. "अन्वर, उघडली."

"तारा धरला डबीने. एक मिनिट."

ते मिनिट फार मोठे होते. हेमांगींची नजर मांडीवरच्या पडद्यावर खिळली होती. तिथे ताऱ्याच्या उजेडाची रेघ सरळ चालली होती. हातातल्या हाताची घट्ट पकड हळूहळू सैल झाली.

पडद्यावरची रेघ एकदम खाली कोसळली. खाली गेली आणि तिथे टेंगळे उमटू लागली, एकामागून एक, झरझर. मग रेघ पुन्हा वर येऊन सरळ झाली. सगळे मिळून तीन सेकंद लागले असतील.

"पुरता विझला नाही ओ," शेजारून आवाज आला. "लुकलुकत होता की!"

हेमांगींनी वळून पाहिले. घोरपड्यांचे डोळे सताड उघडे होते. ते काचेला नाक लावून बाहेर बघत होते. पंधरा वर्षे सावल्या टिपणाऱ्या बाईंनी ती सावली पडद्यावर पाहिली होती, आणि खुद्द ताऱ्याला लुकलुकताना पाहिले होते ते या भित्र्या माणसाने. हेमांगींना त्यांचा हेवा वाटला आणि हसूही आले.

"तुम्ही डोळे उघडलेत?"

"तुम्ही बोललासा ना, नुसते तारे हायत. मग म्हटलं एक डोळा उघडून बघू. मग दुसरा पण उघडला."

कानात शिकलगार काहीतरी मोजत होते. मोजून झाले, ते थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

"हेमांगी," ते शेवटी म्हणाले, "तुझ्या रेघेत बारा आहेत."

"अकरा."

"बारा. ओळ पूर्ण आहे. मधलं गायब असलेलं सातवं तुझ्यात आहे, नेमक्या त्याच जागी. पूर्वेकडच्या दोन्ही विमानांत ते बंद होतं. सावली तुझ्यापर्यंत यायला साडेतीन मिनिटं लागली. तेवढ्यात ते उघडलं."

हेमांगींनी पडद्यावरची टेंगळे मोजली, बाराच होती. भोके दगडालाही असतात. पण दगडाचे बंद भोक उघडत नाही. सगळ्या जगाचे भांडण मिटले होते आणि ते मिटलेले आत्ता फक्त दोघांना ठाऊक होते.

"आणि आणखी एक," शिकलगारांचा आवाज अगदी हळू झाला. "तारा आपल्याला त्या भोकांतून आरपार दिसला. म्हणजे ती भोकं आपल्या दिशेला आहेत. सगळी. आत जे कुणी असतील त्यांनी नेमकी ही बाजू निवडलीये."

हेमांगींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागले. घोरपडे गडबडले. "काय झालं मॅडम? चुकलं काय माझं काही?"

"नाही हो. तो दगड नाही. त्याला खिडक्या आहेत." आणि हेमांगींनी त्यांना सगळे सांगितले. बारा खिडक्यांची ओळ, अकरा उघड्या, मधली एक बंद, आणि नंतर उघडलेली. उजेडाला तिथून इथवर यायला अर्धा तास लागतो, तेव्हा हे सगळे अर्ध्या तासापूर्वी घडले होते, जेवणाचे ताट पुढ्यात असताना.

घोरपडे पुन्हा खिडकीकडे वळले. काच उघडीच होती. बाहेर तो निळसर तारा काही झालेच नाही अशा थाटात चमकत होता.

"म्हणजे तिथं सगळी जणं खिडकीतनं आपल्याकडं बघत बसल्यात," ते सावकाश म्हणाले, "आणि एकानंच लावून घेतली होती."

"हो."

"आणि मग उघडली."

"उघडली."

घोरपड्यांनी अजून हेमांगींचा हात सोडला नव्हता. ते त्या हाताकडे बघून हसले.

"मग मॅडम, त्याच्या शेजारी मधल्या सीटवर पण कोणतरी बसलं असणार बघा."