अर्धा कप चहा

अरविंद मोहित्यांच्या कपाने आज पुन्हा चुगली केली. नेहमीप्रमाणे अर्धा चहा पिऊन त्यांनी कप ओट्याकडे सरकवला, चष्मा चढवला, पेपर उघडला आणि पहिलं पान वाचून होतंय तोवर कपाच्या कानावरचा हिरवा ठिपका केशरी झाला होता.

“झालं! आलं बघा पुन्हा,” ओट्याजवळून उज्ज्वलाताई ओरडल्या. “तरी म्हणत होते, लोणच्याला हात लावू नका.”

“अगं, लोणचं डोळ्यांनी बघून जमाना झाला. आता काय श्वास घ्यायचा बंद करू?”

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभी हयात इंजिनं उघडण्यात घालवलेला माणूस हा. दणकट म्हणजे अगदी दणकट. अशा माणसाला एका कपाने आजारी ठरवावं, हे त्यांना पचणार तरी कसं?

कप आरोग्य केंद्राने वाटलेले होते, गावातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येकाला त्याच्या नावाचा एक. वाटायच्या दिवशी केंद्रातल्या समीना मुजावरने समाजमंदिरात स्टीलचं ताट उलट्या चमच्याने वाजवून दाखवलं होतं. ताट खणखणलं. मग तिने त्याला कणकेचा गोळा चिकटवला आणि पुन्हा वाजवलं, तर आवाज बसका आला.

“कपाच्या काठात, ओठ टेकतात तिथे, गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाची चकती आहे. नखाहून पातळ,” ती म्हणाली. “हा स्फटिक दाबवीज जातीचा. दाबला तर वीज देतो आणि वीज दिली तर थरथरतो. मूत्रपिंड दमायला लागलं की एक प्रथिन लाळेत उतरतं. चकतीवरच्या लेपाला नेमकं तेवढंच प्रथिन चिकटतं. चिकटलं की चकती जड होते, थरथर मंदावते, आणि कप केंद्राला कळवतो. ही कणीक बघा ना, तसंच.”

“आणि अंगाला कळायच्या आधी कपाला कळतं?” कुणीतरी विचारलं होतं.

“कितीतरी आधी. तोच तर फायदा.”

फायदा कसला, अरविंदरावांच्या नशिबी आळणी जेवण आलं! बिनमिठाची आमटी, बिनमिठाची भाकरी, पापड तर घरातून हद्दपार. उज्ज्वलाताई जेवताना समोर बसून पहारा करायच्या. स्वतः मात्र मिरचीचा ठेचा खायच्या, तोही नवऱ्याच्या डोळ्यांदेखत. अलीकडे त्यांना जरा लवकर दमायला व्हायचं, पण आजारी माणसाचं करायचं म्हटल्यावर दमायला होणारच, असं त्या म्हणायच्या.

समीना अधूनमधून डोकवायची. “काका, तुमच्या या तांबट आळीतल्या पुरुषांचेच कप कुरकुरतात बघा. बायका कशा ठणठणीत! सगळ्या हिरव्यागार.”

“आमचं रक्त पिऊन ठणठणीत,” अरविंदराव म्हणायचे, आणि आतून भांडं आदळल्याचा आवाज यायचा.

शेवटी उज्ज्वलाताईंनी त्यांना साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलंच. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं झालं. डॉक्टर हसले. “मोहिते, तुमची मूत्रपिंडं तरण्या पोराला लाजवतील.”

घरी आल्या आल्या अरविंदरावांनी भज्यांचं फर्मान सोडलं आणि समीनाला बोलावून घेतलं. “घेऊन जा हा तुझा कप. इंजिन चांगलं आणि काटा बिघडलेला, दुसरं काही नाही.”

समीना मोबाइलवर कपाच्या जुन्या नोंदी बघत बसली होती. “पण काका, बिघडला असता तर कायमचा बिघडला असता. यात्रेच्या आठवड्यात तर तो रोज हिरवा आहे. तेव्हा काय वेगळं केलंत?”

“यात्रेला ही माहेरी गेली होती, कोरेगावला. राजासारखा होतो मी! लोणचं हाणलं, पापड हाणले, आणि चहासुद्धा अख्खा कप प्यायला मिळाला.”

समीनाने मान वर केली. “अख्खा म्हणजे?”

“अगं, यांच्या कपात उरलेला अर्धा मी घेते,” झारा हातात घेऊन उज्ज्वलाताई दारात आल्या. “लग्न झाल्यापासूनचं आहे ते. दोघांना दोन कप कोण विसळत बसणार?”

“याच कपातून? इथूनच, याच बाजूने?”

“मग काय, बशीतून पिऊ?”

“आणि काकू, तुमच्या नावाचा कप?”

उज्ज्वलाताईंनी मोठ्या कौतुकाने शोकेसकडे झारा केला. नातवाच्या ढालीशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, तो कप बसला होता. त्याला कधी कुणी ओठ लावला नव्हता, त्यामुळे चकतीवर कधी काही चिकटलं नव्हतं. रोज सकाळी तो कप इमानदारीत केंद्राला कळवत होता, थर नाही. आणि केंद्राचा संगणक समजत होता, आजार नाही.

“एवढी महागाची वस्तू,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “फुटलीबिटली तर?”

अरविंदरावांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. अर्ध्या तासापूर्वी आपण आनंदाने नाचत होतो, आणि कप बिचारा इतके दिवस हिच्याविषयी सांगत होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“अगं ए,” ते कसंबसं म्हणाले, “तो गॅस बंद कर आधी. चप्पल घाल.”

“अहो, भजी जळतील!”

“जळू देत गं!”

उज्ज्वलाताईंची मूत्रपिंडं खरोखरच दमायला लागली होती. पण नुकतीच. आणखी वर्षभराने आला असतात तर गोष्ट वेगळी होती, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या आणि पथ्य यांवर निभावलं. आता घरात दोघंही आळणी जेवतात. अरविंदरावांना तशी गरज नाही, पण एकट्याने आळणी गिळणं काय असतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. सकाळी ते दोन कपांत चहा ओततात आणि नंतर दोन्ही कप विसळतातही, अर्थात भरपूर कुरकुरत. उज्ज्वलाताईंच्या कपाचा ठिपका केशरीच्या जागी आता पिवळसर असतो, आणि तो पुन्हा हिरवा होईल अशी समीनाला आशा आहे.

एवढ्यावर उज्ज्वलाताईंनी गप्प बसायला हवं होतं, पण तो त्यांचा स्वभाव नव्हे. औषधाने जरा तरतरी आल्याबरोबर त्या शेजारच्या शालनवहिनींकडे गेल्या. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “वहिनी, तुमचा तो केंद्राचा कप कुठाय हो?”

“तो होय?” शालनवहिनींनी हसून कपाटाच्या काचेकडे बोट दाखवलं. “पाहुण्यांसाठी ठेवलाय की! कसा नव्यासारखा आहे बघा.”

काचेआड हिरवा ठिपका लकलकत होता. ओट्यावर शालनवहिनींच्या मालकांचा कप होता, अर्धा प्यायलेला, अजून कोमट. उज्ज्वलाताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “मग तुम्ही कशातून पिता?”