अकरावर थांबलेलं माप

माझा स्वभाव खवट. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई हळवी होती, तिला भास झाले. भंडाऱ्याकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं नर्स होते. ऑपरेशनची खोली उत्तरेला होती. खिडक्यांच्या काचांना हिरवा रंग मारलेला, मध्ये लोखंडी टेबल, आणि ईथरचा गोडसर, डोक्यात जाणारा वास. तो वास माझ्या लुगड्यांनाही यायचा.

ऑपरेशनच्या आधी पेशंटजवळ बसायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. "काही नाही होत" असं मी कधी म्हणायची नाही. कुठे चिरणार, टाके किती पडणार, उठल्यावर तोंड कसं कोरडं होईल, पाणी कधी मिळेल, सगळं खरं सांगायची. लोक चाकूपेक्षा आमच्या गप्प राहण्याला जास्त भ्यायचे.

शहात्तर सालच्या मार्गशीर्षात दिघोरीची धुरपताबाई आली. पोटात गाठ होती. चाळिशीची, काटक बाई. धान कापताना विळा लागून डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलेलं. नवरा तेजराम सोबत होता.

"तोंडावर जाळी ठेवतील," मी तिला सांगितलं. "तिच्यावर औषधाचे थेंब टाकतील. तुम्ही मोजत राहायचं. एक, दोन, तीन..."

"एक काहून?" ती म्हणाली. "माप एकापासून मोजतेत का बाई? लाभ म्हनावं."

खळ्यावर धान मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आमच्या गावी, कोंढ्याला, माझे बाबा तसंच मोजायचे. नागपूरला ट्रेनिंग करून आले आणि मी विसरून गेले. मला लाजच वाटली.

"बरं. लाभ."

"अन् मी झोपली की आकडा कोन धरल?"

हीसुद्धा खळ्यावरचीच रीत. मोजता मोजता मापारी उठला, तर दुसऱ्याने त्याचा आकडा तोंडात धरून बसायचं. तो परत आला की पुढचा आकडा म्हणायचा आणि पायली त्याच्या हातात द्यायची. नाहीतर माप मोडलं म्हणतात.

"मी धरते," मी म्हटलं. "जिथे थांबाल त्याच्या पुढचा आकडा, डोळे उघडले की तुमच्या कानात सांगते."

"पक्कं?"

"पक्कं."

तेजराम टोपी चुरगाळत पायथ्याशी उभा होता. त्यानेही ऐकलं.

ती जराही भ्याली नाही. लाभ, दोन, तीन म्हणत अकरावर थांबली. माझ्या हातातला तिचा हात सैल पडला. ऑपरेशन नीट झालं, गाठ निघाली. तिला खाटेवर आणून टाकलं आणि तेवढ्यात बाळंतपणाच्या खोलीतून मला हाक आली. पोर आडवं होतं. पंधरा मिनिटांत येते म्हणून गेले, ती दीड तासाने परतले.

धुरपताबाईच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

"मधात डोये उघडले होते थिनं," शकुबाई आया म्हणाली. "अकरा, अकरा करून राहिली होती. दाराकडं पाहे, अन् पुन्ना अकरा म्हने. मले काय समजते बाई त्याच्यातलं!"

हृदय बंद पडलं, तुझा काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. वैद्यकाच्या हिशेबाने खरंच होतं ते. पण तेजरामने मला व्हरांड्यात गाठलं आणि एवढंच विचारलं, "बाई, बारा म्हटलं न तुमी?"

"हो," मी म्हटलं.

जन्मभर खरं बोलल्याचा तोरा मिरवला आणि नेमकं तिथे खोटं बोलले. त्याने मला हात जोडले. ते हात मला अजून दिसतात.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सोमाजी नावाचा म्हातारा आला, हर्नियासाठी. त्यालाही मी लाभपासून मोजायला सांगितलं. तो अकरावर थांबला. योगायोग. मग ललिताबाई, तीही अकरावर. वरठीच्या कारखान्यातला एक पहिलवान होता, रोज पिणारा. त्याला भूल चढायला खूप वेळ लागणार म्हणून डॉक्टर वैतागले होते. तोही अकरावर गप्प. डॉक्टर हसून म्हणाले, "रुखमिणी, तुझं हे लाभ-दोन घड्याळापेक्षा पक्कं आहे."

मला वाटलं, अकरा आला की मीच नकळत हात दाबत असेन. म्हणून एकदा कुंताबाई नावाच्या नव्या नर्सला आत पाठवलं आणि मी बाहेर बसले. पेशंट अकरावरच थांबला.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती चांगली होती. ही माणसं शांत उठायची. आधी पेशंट शुद्धीवर येताना ओरडायचे, हातपाय झाडायचे. आता तसं कोणी करेना. सोमाजी उठला तेव्हाच मी त्याला विचारलं होतं, भीती वाटली का.

"नाही व बाई. कायचं भेव? दोन्ही हात धरून होते न."

"दोन्ही?"

"उजवा तुमी धरला. डावा त्या बाईनं." त्याने डाव्या हाताकडे पाहिलं. "तिचं बोट अर्धं हाय."

त्याचा डावा हात फळीला बांधलेला होता. मीच बांधला होता, आणि त्या बाजूला कोणी उभं नव्हतं.

"बारा," मी त्याच्या कानात म्हटलं. शब्द दिला होता, म्हणून.

त्याने मान हलवली. "मले नोका सांगू. तिले सांगा. बारा कोन म्हनते म्हून इचारे."

"कुठे आहे ती?"

"तुमी आले न, गेली."

वर्षानुवर्षं हेच चाललं. कोणाला अर्धं बोट जाणवायचं, कोणाला नुसता खरबरीत हात. कोणाचीच तक्रार नव्हती. मी मात्र दर वेळी उठणाऱ्या माणसाच्या कानाशी बारा म्हणायची, आणि दर वेळी ती नुकतीच गेलेली असायची. आपण चांगल्याच पेचात सापडलो, हे मला कळून चुकलं. ती जिथे भेटायची, तिथे जागं माणूस जाऊ शकत नव्हतं.

त्र्याऐंशी साली माझीच गर्भपिशवी काढायची ठरली. शेकडो लोकांना धीर देणारी मी, आदल्या दिवशी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. कुंताबाई जवळ येऊन बसली. मीच शिकवलेलं सगळं तिने मला सांगितलं, टाक्यांपासून पाण्यापर्यंत.

"आकडा मी धरते बाई," ती म्हणाली. "पुढचा आकडा मीच सांगते, बघा तुमी."

"सोडून जाऊ नकोस ग."

"कायले जाऊ?"

सकाळी टेबलावर झोपले. हिरव्या काचांतून ऊन आलं होतं. तोंडावर जाळी आली, थेंब पडायला लागले. उजवा हात कुंताबाईने धरला.

लाभ. दोन. तीन. चार.

सातला आवाज लांब गेले.

नऊला माझ्या डाव्या हातात कोणीतरी हात घातला. खरबरीत, कोरडा, धानाचं तूस चिकटलेला.

दहा.

अकराला ते अर्धं बोट माझ्या तळहातावर टेकलं आणि थांबलं. वाट बघत होतं.

जीभ दगडासारखी जड झाली होती. सगळा जीव एकवटून मी म्हटलं, "बारा. धुरपताबाई, बारा. मला उशीर झाला हो. चुकलं माझं."

हात एकदा घट्ट दाबला गेला. मग सुटला.

जाग आली तेव्हा तोंड कोरडं होतं आणि पोटात आग. डोळे उघडायच्या आधी कानाशी आवाज आला, अगदी जवळून, घाई न करता.

"तेरा."

बरं वाटलं. रडू आलं मला. कुंताबाई, म्हणून मी हाक मारली. खोलीत कोणी नव्हतं. दोन मिनिटांनी व्हरांड्यातून पळत येणाऱ्या चपला वाजल्या आणि कुंताबाई दारात धापा टाकत उभी राहिली. कोपरापर्यंत हात ओले.

"माफ करा बाई, बाप्पा, बाळंतपनात अडकली मी! तुमी एकट्याच होत्या. बारावर थांबल्या न? तेरा म्हनते आता..."

"राहू दे," मी म्हटलं. "सांगितलं."

त्या दिवसापासून पेशंट कुठेही थांबायला लागले. कोणी सातवर, कोणी सोळावर. अर्ध्या बोटाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. तेजराम तोवर वारला होता, त्याला सांगायचं राहून गेलं.

आता मी घरीच असते. नवे तांदूळ आले की डब्यात भरताना अजून लाभपासून मोजते आणि तेरा झाले की माप खाली ठेवते. उरलेले शेजारची सुंदरबाई भरते. तेरा तिने म्हटलं; पुढची पाळी माझी आहे, हे मला ठाऊक आहे. चौदा मी अजून म्हटलेलं नाही.