मिठागरातल्या दोन हाका

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या.

माझ्या सख्ख्या मावसभावाच्या, हरेशच्या बाबतीत घडलेली आहे. त्याने मला ती एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं की विषय बदलतो.

आणि एक. यात रात्र कुठेच नाही. जे झालं ते भर दिवसा झालं.

हरेश रोह्याजवळ वरसेला राहतो. तिथेच दुकान टाकून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. २०२३ च्या मार्चमध्ये पेणच्या सुशीलने त्याला एका पिक्चरच्या आवाजाचं काम दिलं. सुशील हौशी माणूस. त्याला काउबॉयचा पिक्चर काढायचा होता, टोप्या, बंदुका, घोडे, आणि वर भुतं. आता रायगडात वाळवंट कुठून आणणार?

कासूच्या पुढे, खाडीच्या अंगाला एक बंद पडलेलं मिठागर आहे. पांढरंफटक. नजर जाईल तिथवर झाड नाही.

तेच त्याचं वाळवंट. पिक्चरचं नाव 'खारं कब्रस्तान'.

पिक्चर कसा झालाय ते हरेशला दहा मिनिटांत कळलं. किनाऱ्यावरून आणलेले दोन घोडे दर वीस पावलांवर आपोआप थांबत, कारण त्यांना पर्यटकांच्या फोटोसाठी थांबायची सवय. हिरोची टोपी डोळ्यांवर घसरत होती. खलनायक मरताना हसत होता.

पण काम ते काम. कॅमेऱ्याने आपसूक टिपलेला आवाज शेवटी काढूनच टाकायचा होता. त्याजागी हरेश दुकानात बसून करवंट्यांनी टापा वाजवत होता, वारा भरत होता.

मग तो सीन आला.

मिठाच्या कुंडीत, म्हणजे मीठ पिकवायच्या उथळ वाफ्यात, तीन दरोडेखोर मरून पडलेत. ते झालेले तिघं तिथल्याच गावचे, मोरू, सखा आणि दत्तात्रेय. हिरो जवळ येतो आणि मुडदे उठून उभे राहतात, असा सीन.

हरेशने हेडफोन लावला. सकाळचे अकरा वाजले होते. दुकानाबाहेर रिक्षा चालू होत्या.

हेडफोनमध्ये आधी वारा. जनरेटरची घरघर. घोड्याचं फुरफुरणं.

मग...

वारा थांबला. घरघर थांबली. सगळंच थांबलं.

पडद्यावर टोप्या हलत होत्या. वारा होता. फक्त त्याचा आवाज नव्हता.

आणि मग... लांबून, बांधाच्या बाजूने... एक पुरुषाचा आवाज.

"मोरू... ऊठ रं. पानी आयलं."

पडद्यावर मोरू उठला.

"सखा... ऊठ."

सखा उठला.

हरेश पुढची हाक ऐकायला थांबला.

आली नाही. दत्तात्रेय पडूनच राहिला. अकरा सेकंद. मग जनरेटर पुन्हा घरघरायला लागला.

हरेशने सुशीलला फोन लावला. "त्या तिघांना हाका कोण मारत होतं?"

"तोच तर घोळ," सुशील म्हणाला. "मी लाल रुमाल हलवला की उठायचं, असं ठरलेलं. मी रुमाल काढायच्या आधीच दोघं उठले. म्हणे कोणी नावानं बोलावलं. आणि दत्तू म्हणतो, मला कुठं कोणी बोलावलं? तोवर घोडेवाला घोडे घेऊन निघून गेला. सीन तसाच ठेवलाय."

"पण हाक कोणाची?"

"कोणाची नाही रे. आम्ही सगळे गप्प उभे होतो."

हरेशला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पाठीला लावून तो बाईकवर त्या गावात गेला. मोरूने हेडफोन कानाला लावला आणि पहिल्या हाकेलाच काढून ठेवला.

"कान्हूदादा," तो म्हणाला. एवढंच.

कान्हू त्या मिठागराचा राखणदार. दोन वर्षांपूर्वी वैशाख पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला, भर दुपारी. कान्हू आणि दत्तात्रेय जेवून खोपटात आडवे झाले होते. दत्तात्रेय बांध गाठून वाचला. तीन हाका मारल्या, पण कान्हू उठला नाही, असं त्याने गावाला सांगितलं.

कान्हू सापडलाच नाही.

मोरू हरेशला कान्हूच्या घरी घेऊन गेला. कान्हूची बायको चंद्रावती दारात सुकट निवडत होती.

"वयनी गो, जरा ऐक हे," मोरू म्हणाला.

तिने ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटून घेतले.

"अजून एक नाव हाय का?"

"नाही काकी. दोनच."

"निजलेले किती होते?"

"तीन."

"तिसरा कोण?"

मोरू खाली बघायला लागला. हरेशनेच सांगितलं, "दत्तात्रेय."

तिने हेडफोन काढून पदराने पुसला आणि परत दिला. "दत्तूला नाय उठवलं त्यांनी," ती म्हणाली, आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.

गावात गोष्ट किती वेळ लपणार? तिसऱ्या दिवशी दुपारी दत्तात्रेय वरसेला हरेशच्या दुकानात हजर. पन्नाशीचा, अंगाने आडवा माणूस. चहा नको म्हणाला.

"ऐकव."

हरेशने ऐकवलं. संपल्यावरही त्याने हेडफोन काढला नाही.

"माझं नाव कुठं हाय?"

"नाही काका."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग हळूच बोलायला लागला, जणू हरेश तिथे नव्हताच.

"मी हाक मारलीच नव्हती. दारात पाणी दिसलं आणि मी पळालो. बांधावर चढल्यावर आठवलं, आत कान्हू हाय. तरी हाक मारता आली असती. तोंडच उघडलं नाय. तीन हाका मारल्या, तीन हाका मारल्या, असं दोन वर्ष सांगत आलो."

"हे काकीला सांगा," हरेश म्हणाला.

दत्तात्रेय तिथून थेट चंद्रावतीकडे गेला. तिने दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं, "कळलं" म्हणाली आणि आत गेली. रडली नाही की भांडली नाही.

मे महिन्यात पेणला एका हॉलमध्ये पिक्चर दाखवला. रविवार, दुपारी बारा वाजता. हरेशने त्या सीनमधला कॅमेऱ्याचा आवाज मुळापासून काढून टाकला होता. स्वतः तीनदा तपासलं होतं. तिथे फक्त करवंट्यांच्या टापा होत्या आणि वारा.

लोकांनी पिक्चर डोक्यावर घेतला, पण हसून. घोडा थांबला की शिट्ट्या. अर्ध्यावर निम्मा हॉल रिकामा. सुशील पुढच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्याच्या मागे चंद्रावती, मोरू आणि सखा. दत्तात्रेय सगळ्यात मागे, दरवाजाजवळ.

तो सीन आला. मोरू उठला, लोक हसले. सखा उठला, लोक हसले. तिसरा मुडदा तसाच पडलेला बघून तर हॉल दणाणला.

आणि मागून कोणीतरी म्हणालं...

"उठलो."

हरेशने वळून पाहिलं.

दत्तात्रेय उभा होता. मान एका बाजूला कलती, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी. "उठलो रं, आलो," तो म्हणाला, आणि दार ढकलून बाहेर गेला.

हरेश आणि सखा मागोमाग धावले, तोवर त्याची बाईक निघाली होती. कुठे निघाली ते दोघांना विचारावं लागलं नाही.

मिठागरावर पोचले तेव्हा बांधावर बाईक उभी होती. चावी तशीच.

त्याच कुंडीत, त्याच जागी दत्तात्रेय उताणा पडला होता.

डोळे उघडे. छाती हलत होती.

कपडे... चिंब.

केसांतून पाणी गळत होतं. नखांत काळा चिखल होता. आणि कुंडी कोरडी ठणठणीत, भेगा पडलेली. बांधापासून त्याच्यापर्यंत फक्त त्याचीच पावलं.

सखाने पाणी बोटाला लावून चाखलं आणि थुंकला. खारं.

"आज अष्टमी," तो म्हणाला. "भांगाचं पाणी, लहान भरती. इथवर येतच नाय."

दत्तात्रेयला पेणच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस त्याच्या तोंडातून शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चंद्रावती आली. हरेश तेव्हा तिथेच होता. ती स्टुलावर बसली.

"कोणी उठवलं तुला?"

"कान्हूनं," दत्तात्रेय म्हणाला. "पाणी छातीवर आलेलं. त्यानं हात धरून वर काढलं."

"काय बोलला?"

"एवढंच विचारलं. मला का नाय उठवलंस?"

"मग तू काय सांगितलंस?"

दत्तात्रेय भिंतीकडे तोंड करून वळला. ती तासभर वाट बघत बसली. तो बोलला नाही.

तो आज हयात आहे. निडीला मुलीकडे राहतो. चंद्रावती काकी दर महिन्याला तिथे जाते, समोर बसते, 'तू काय सांगितलंस?' हा एकच प्रश्न विचारते आणि परत येते.

गोष्ट सांगताना हरेशने मला विचारलं, मी आवाज काढला होता, मग हॉलमध्ये त्यानं ऐकलं काय?

मागच्या दिवाळीत हरेश फराळ घेऊन काकीकडे गेला होता. न राहवून म्हणाला, "काकी, सोडा ना आता त्याला."

"मी कधीच सोडला," ती म्हणाली. "हे सोडत नायत. दुपारी खाडी भरली की दारात येऊन उभे राहतात. मी सांगते, अजून नाय बोलला तो. मग जातात."

हरेश निघायला उठला. चपला घालताना त्याचं लक्ष खाली गेलं.

उंबरा ओला होता.

नुकताच पुसला असेल, असं हरेश म्हणतो. मीही तेच म्हणतो.