ओट्यापर्यंतची वाट

जानेफळच्या घरी आईचं पहिलं मासिक श्राद्ध आटोपलं आणि प्रज्वल तिचा मोबाइल रिकामा करायला बसला. बहिणीला, रुपालीला, तो हवा होता. ती शेजारी ताटं पोचवायला गेली होती. आईची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली, पण खोलीतला चोळायच्या तेलाचा वास काही जात नव्हता. दाराकडे तोंड केलेल्या खुर्चीत तो टेकला.

प्रज्वल पुण्यात बिल्डरांसाठी फ्लॅटचे फोटो काढायचा. चहूबाजू दाखवणारे, एकातून दुसऱ्यात पाऊल टाकत फिरता येणारे. आईला, सत्यभामाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला, ती बाजेला खिळली, तेव्हा त्याने तिच्यासाठी तसंच शेत तयार केलं. मोबाइल डोळ्यांवर बांधायच्या पेटीत सरकवायचा आणि हातातल्या बिनतारी रिमोटचं बटण दाबायचं. पहिला फोटो बाजेवरूनच काढलेला, म्हणजे आईला वाटावं, आपण इथूनच उठून निघालो. त्यात समोर ही खुर्ची दिसे, रिकामी. पुढे शेताचं फाटक, मग संत्र्याची झाडं, मग विहीर. आईची बोटं नीट मिटत नसत, म्हणून त्याने रिमोट तिच्या तळव्याला लाल नाड्याने बांधून दिला होता.

विहिरीशी फोटो संपत. खरं तर तिथून पुढे, बांधाशी, वडिलांचा ओटा होता. भगवंतरावांना जिथे अग्नी दिला तिथेच बांधलेला. पण त्या दिवशी पुण्याची गाडी चुकेल म्हणून प्रज्वलने विहिरीवरूनच कॅमेरा गुंडाळला. आई रोज विहिरीपर्यंत जायची आणि तिथे उभी राहून बटण दाबत बसायची. टिक, टिक, टिक.

“पुढं काऊन नाही जात बे हे? तुह्या बापाच्या ओट्यापाशी जाऊ दे ना मले.”

“पुढच्या खेपेले करतो, माय.”

“मंग तू बी चाल संगं. एकटीले भेव वाटते.”

एका पेटीत दोघं मावत नाहीत, असं म्हणून तो हसला होता. पुढची खेप झाली ती तिच्या मयतीची. पावसाने शेताची वाट चिखलात गेली होती, त्यामुळे तिला ओट्याशेजारीही नेता आलं नाही. गावच्या स्मशानातच सगळं उरकलं. रुपाली म्हणाली, रिमोट राहू दे हातातच. आगीत फुटतील म्हणून प्रज्वलने त्यातले सेल तेवढे काढून घेतले. ते अजून कोनाड्यात पडून होते.

सगळं पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून त्याने मोबाइल पेटीत घातला आणि पेटी डोळ्यांवर चढवली. बाजेवरून दिसणारी खोली. खुर्ची. दार. रिमोटच नाही, तेव्हा इथून पुढे काही सरकणार नव्हतं.

मोबाइल हलकेच वाजला. डोळ्यांसमोर अक्षरं उमटली : रिमोट जोडला गेला आहे.

टिक. फाटक आलं. टिक. संत्र्याची झाडं. टिक... विहीर. आणि मग चित्र तिथेच थांबलं, आवाज मात्र चालूच राहिला. टिक. टिक. टिक. घाई नाही, राग नाही. आईचीच चाल.

प्रज्वलने पेटी ओढून काढली. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली त्याला. महिनाभर ती तिथेच उभी होती. जेमतेम चार ढांगांची वाट, आणि तेवढी त्याच्याच्याने झाली नव्हती.

त्याने कॅमेरा उचलला, मोटरसायकल काढली आणि शेत गाठलं. विहिरीपासून ओट्यापर्यंत अडखळत फोटो काढले, ओट्यावरचा पालापाचोळा हाताने लोटला. घरी येऊन त्याच खुर्चीत बसून ते मागच्या फोटोंना जोडले. दिवेलागण होत आली होती. पेटी डोळ्यांवर चढवली.

“जा माय आता,” तो म्हणाला. “झाली वाट.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकेक टिक करत चित्र विहिरीवरून निघालं, बांधाशी आलं, ओट्यासमोर टेकलं. टिकटिक थांबली. त्याला रडू आलं, आणि रडताना बरंही वाटलं.

मग चित्र सावकाश वळलं. ओट्याकडे पाठ करून विहिरीच्या वाटेकडे बघू लागलं. कुणी मागे राहिलं की आई अशीच थांबून बघायची.

“माय... मी नाही येऊ शकत...”

टिक. विहीर.

टिक. संत्र्याची झाडं.

टिक. फाटक.

टिक.

खोली आली. बाजेवरून दिसणारी. फोटोतली खुर्ची आता रिकामी नव्हती. तिच्यात पाठमोरा तो बसला होता, डोळ्यांवर पेटी बांधून. चित्राच्या खालच्या कडेने एक हात वर येत होता. बोटं अर्धवट मिटलेली, तळव्याला लाल नाडा.

तेलाचा वास अगदी जवळ आला. प्रज्वलने पेटी काढली नाही. लहानपणी आई तेल चोळायला आली की काढायचा तशी मान तेवढी पुढे काढली, आणि मागे, भिंतीला उभ्या असलेल्या बाजेची दोरी करकरली, कुणीतरी उठल्यावर करकरते तशी.