तेरला जाणारी सोमवारची गाडी

लोहाऱ्याच्या स्टँडवर माझी गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. तिच्यामागं पळता पळता मी चौकशीच्या खिडकीवरच जाऊन आदळले, तर आतून शांतपणे आवाज आला, "बाई, खिडकी कुठं जात न्हाय. सावकाश या."

असा राग आला म्हणून सांगू! साडी धुळीनं भरलेली, पिशवीचा बंद तुटलेला, आणि हा गृहस्थ आत बसून बशीतला चहा फुंकतोय. खाकी शर्ट, कुरळे केस. वर हसताना गालाला खळी पडत होती, म्हणजे राग धरायचीसुद्धा सोय नाही.

"माकणीकडं जाणारी पुढची गाडी कधी?"

"येईल की दुपारच्याला. आली तर."

"आली तर म्हणजे?"

"म्हणजे येते. पण तिच्या मर्जीनं… तुमच्यासारखी."

मी तोंड फिरवून कडुलिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. लिंबाला फुलोरा आला होता. बारीक पांढरी फुलं डोक्यावर पडत होती आणि मी ती झटकत होते. माकणीच्या पलीकडच्या एका खेड्यात मी सातवीपर्यंतच्या शाळेवर शिक्षिका होते. माहेर उमरग्याला. शनिवारी घरी आणि सोमवारी पहाटे परत, म्हणजे दर आठवड्याला लोहाऱ्याला गाडी बदलणं आलंच. पण त्या खिडकीशी बोलायची वेळ कधी आली नव्हती.

तेवढ्यात मनात आलं, हा माणूस आयता सापडलाय तर विचारून घ्यावं. उठले आणि पुन्हा खिडकीशी गेले.

"तेरला कसं जायचं हो?"

त्यानं बशी खाली ठेवली. "तेरला? कशाला?"

"संग्रहालय बघायला. शाळेतल्या पोरींना न्यायचंय."

तो इतका मोकळा हसला की बाकावरची म्हातारी दचकली. "मी तेरचाच हाय, बाई. उत्तरेश्वर म्हणत्यात मला. आमच्या गावच्या देवाचंच नाव. पर जन्मात कधी त्या संग्रहालयात पाय न्हाय टाकला. गाडीभाडं घालून खापरं बघाय कोण जातं?"

"खापरं?" मग मात्र माझ्यातली शाळेची बाई जागी झाली. "दोन हजार वर्षांपूर्वी तुमच्या गावातून माल समुद्रापार जात होता, माहीत आहे? मातीच्या बाहुल्या सापडल्यात तिथं. मणी, शंखाच्या बांगड्या…"

"बाहुल्या व्हय? आमच्या माळवदात लई हायेत."

मला वाटलं, थट्टा करतोय. माळवद म्हणजे घराचं मातीचं छत. छतात कोण बाहुल्या ठेवतं?

तेर मला नुसतं बघायला नको होतं, हे त्याला तेव्हा सांगितलं नाही. आमच्या गावात पोरगी सातवी झाली की शाळा संपली. आठवी लोहाऱ्याला, आणि लोहाऱ्याला जायचं म्हणजे एसटीनं. "पोरीनं रोज एसटीनं जायचं?" एवढं म्हणून सगळे बाप एकसारखी मान हलवत. यंदा सातवीत सहा पोरी होत्या. त्यात मुक्ता अशी हुशार की धडा मी शिकवायच्या आधी तीच मला प्रश्न विचारायची. जूनमध्ये ती म्हशीमागं जाणार, हे मला बघवत नव्हतं. म्हटलं, एकदा एसटीनं लांब नेऊन या पोरी सुखरूप परत आणून दाखवाव्यात. भीती मोडली तर आठवीचा रस्ता उघडेल.

मुक्ताचे वडील आबाराव दूध सोसायटीचे चेअरमन होते. बहात्तरच्या दुष्काळात गावानं झाडाचा पाला खाल्ला, त्यानंतर म्हशी आणून, दारोदार हिंडून त्यांनी ही सोसायटी उभी केली होती. त्यांनी हो म्हटलं तर गाव हो म्हणणार. संध्याकाळी दूध घालायच्या रांगेत मी त्यांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला.

"न्या. पर एक ध्यानात ठेवा, बाई. सांजच्या धारेला पोरी दारात पायजेत. म्हशीला पान्हा फुटायच्या आत. न्हाय आल्या, तर आठवीचं नाव काढायचं न्हाय. माझ्याम्होरं बी न्हाय, पोरीम्होरं बी न्हाय."

"येतील," मी म्हणाले.

आता सगळी भिस्त त्या खिडकीवर!

मग सुरू झाली आमची आखणी. शनिवारी मी लोहाऱ्याला उतरले की तो खिडकीतून हाक मारायचा. कुठली गाडी कुठं सोडायची, धाराशिवला किती वेळ थांबायचं, परतीची तेरची गाडी चुकली तर काय… मी एक शंका काढली की तो दोन काढायचा. मधल्या दिवसांत काही बदललं तर कंडक्टरकडून निरोप यायचा. एसटीतला निरोप म्हणजे काय, सगळ्या गाडीला पाठ!

"बाई, उत्तरेश्वरनं सांगितलंय, धाराशिवची सकाळची गाडी धरा म्हणून."

"आन् डबा बांधून आणा म्हणावं," मागून कुणीतरी. "तेरला हाटेल धड न्हाय."

"पाणी बी."

"आन् उत्तरेश्वरला बी न्या म्हणावं," एक आजीबाई म्हणाली आणि गाडी हसून हसून हलली. माझे कान लाल झाले.

पुढच्या शनिवारी मी त्याला झापलं. "सगळ्या गाडीला सांगायची काय गरज होती?"

"मग चिठ्ठी धाडू?" खळी पडली. "चिठ्ठी धाडली तर लोक जास्तच बोलतील, बाई."

लिंबाची फुलं केसांत पडत होती. त्यानं बघितलं, आणि मीही ती झटकली नाहीत.

वार त्यानंच ठरवला. "रविवारी लग्नाची वऱ्हाडं, शनिवारी बाजारच्या कोंबड्या. सोमवारी गाडी मोकळी. पोरींना खिडकीच्या जागा मिळतील. सोमवारच घ्या."

खिडकीच्या जागा… एवढा विचार या पोरींसाठी कधी कुणी केला होता? मी सोमवार घेतला.

त्या शनिवारी माहेरी न जाता मी रविवार शाळेच्या गावातच काढला आणि सोमवारी उजाडायच्या आत पोरींना घेऊन निघाले. लोहाऱ्याला उतरलो तर उत्तरेश्वर पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून उभा. केसांना तेल, पायात नव्या वहाणा.

"ड्यूटी नाही?"

"सुट्टी टाकलीय. म्हटलं, बाई एकदा रागावल्यात तवापासून… बघून तरी घ्यावं, खापरात एवढं काय हाय."

पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले, तो मागच्या. तरी धाराशिवपर्यंत पाठीला सारखं जाणवत राहिलं की तो मागं बसलाय. मुक्तानं सबंध प्रवासात खिडकीचा गज सोडला नाही. "बाई, झाडं पळत्यात! बाई, ती नदी तेरणाच का? आपलीच?" हो, म्हटलं, आपलीच. ही तेरवरून खाली आपल्याकडंच येते. पोरगी गजाला गाल टेकून नदी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. आपल्या घरामागची नदी दुसऱ्या कुणाच्या तरी गावावरून येते, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

तेरला उतरलो, रांगेनं चालत संग्रहालयापाशी आलो.

दाराला कुलूप.

समोरच्या पानवाल्यानं सांगितलं, "सोमवारी बंद असतंय की. आठवड्याची सुट्टी."

मी उत्तरेश्वरकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचंही बरोबरच. एसटीत माणसं सुट्टी घेतात, गाडी घेत नाही. दिवाळी असो की दसरा, खिडकी उघडीच. दाराला कुलूप लागतं, हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि माझ्या? मला जगात रविवारखेरीज सुट्टी असते हेच ठाऊक नव्हतं.

पण तेव्हा एवढा समजूतदारपणा कुठला! "तुमचं गाव," मी म्हणाले, "रोज इथं गाड्या धाडता, आणि एवढं माहीत नाही?" आवाज फुटला माझा. पोरी कुलपाकडं बघत होत्या. मुक्ता हळूच म्हणाली, "राहू द्या बाई. गाडी तर बघितली." तिच्या त्या समजुतीनंच मला रडू यायला लागलं.

उत्तरेश्वर खाली मान घालून उभा होता. मग म्हणाला, "घरी चला. आई हाय. निदान पोरी सावलीत भाकरी खातील."

त्याचं घर गल्लीच्या टोकाला. दारात शिडी लावलेली, आणि त्याची आई, कस्तुराबाई, पदर खोचून पाट्या भरत होती. माळवदावर दरसाल पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर छत गळतं. घरामागं गावच्या पुरातन टेकाडाची माती आणून कुणा जुन्या पिढीनं घातलेली पडकी भिंत होती, तिची पांढरी खणून अंगणात ढीग घातला होता.

"या गं बायांनो, बसा. आन् तू रं, भर उन्हात लेकरं घेऊन हिंडतुयास?" एवढं म्हणून तिनं पाटीतलं काहीतरी उचललं आणि भिंतीतल्या कोनाड्यात टाकलं.

"काय टाकलंत?" मी विचारलं.

"निघतंय की मातीत. मणी, बांगडीचा तुकडा. बाकीचं जातं छतावर. एखादं चांगलं दिसलं तर टाकवत न्हाय. कुणीतरी मन लावून केल्यालं असतंय."

मी कोनाड्यात हात घातला. दिव्याच्या काजळीत मणी होते, लाल, काळे. शंखाच्या बांगडीचा तुकडा होता. माझ्या अंगावर काटा आला. माळवदात लई हायेत… म्हणजे तो थट्टा करत नव्हता!

"पोरींनो," मी म्हणाले, "ढिगाला हात लावा. हळू. घाई नको."

सहाजणी ढिगाभोवती बसल्या. दाणे निवडावेत तशी माती निवडू लागल्या. कुणाला मणी मिळाला, कुणाला नक्षीचं खापर, आणि मग मुक्ता एकदम थांबली. तिच्या तळहातावर लिंबाएवढा एक चेहरा होता. मातीचा. बाईचा. कानात मोठाली फुलं, केस एका अंगाला बांधलेले, आणि ओठावर आता बोलेल की मग असं हसू. मागून पोकळ. मुक्तानं उलटा करून बघितला, तर आतल्या बाजूला खळगा. तिनं त्यात अंगठा ठेवला. अंगठा बरोबर बसला.

"बाई," ती कुजबुजली, "हिला करणारीचा अंगठा… माझ्याएवढाच होता."

कस्तुराबाईंच्या हातातली पाटी तशीच राहिली. मी त्या खळग्यात बघत होते आणि मला वाटत होतं की दोन हजार वर्षं म्हणजे मी फळ्यावर लिहिते तो आकडा नव्हे, कुणीतरी नुकतंच हात धुवायला उठून गेलंय.

मग मी उत्तरेश्वरकडं बघितलं. तो वर बघत होता, आपल्या घराच्या छताकडं. डोळे भरलेले.

"हे… माझ्या डोक्यावर होतं?" तो म्हणाला. "मी हितंच जन्मलो. हितंच झोपलो. एवढी माणसं वर होती, आन् मी…"

त्या क्षणी मला तो आवडला. खळी, थट्टा, खिडकीच्या जागा, ते सगळं आधी होतंच. पण मोठा माणूस असा लहान होऊन बघत राहतो, हे मी आधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जन्मभर या माणसाशेजारी उभं राहून काहीतरी बघावं.

"गाडी!" तोच ओरडला. "बाई, गाडी!"

धावलो सगळे. भाकरी हातात, पायांना पांढरी. गाडी स्टँडवरून हलली होती, उत्तरेश्वर पुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या, ओळख पटल्यावर आणखी घातल्या, पण घेतलं. धाराशिवला गर्दी, त्यानं पोरींना एकेक करून वर चढवलं. लोहाऱ्याला पुढच्या गाडीत बसवून तो खाली राहिला. काचेतून मी बघितलं. इस्त्रीचा शर्ट मातीनं माखला होता. त्यानं फक्त हात वर केला.

गावच्या फाट्यावर उतरून मुक्ताच्या दारात पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. आबाराव बादली घेऊन उभे होते. मागून म्हशी येत होत्या, पण अजून दाव्याला लागल्या नव्हत्या.

"बघितलं संग्रहालय?" त्यांनी विचारलं.

मुक्तानंच सांगितलं, "न्हाय, आबा. कुलूप होतं. सोमवारी बंद असतंय."

"मग दिसभर काय केलं?"

ती सांगू लागली. माळवद, पांढरी, मणी, तो चेहरा, त्या बाईचा अंगठा. आपला अंगठा वर करून दाखवला. आबाराव त्या अंगठ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वर करून आपल्याच घराच्या छताकडं बघितलं, बराच वेळ. म्हैस हंबरली तरी हलले नाहीत.

"म्हंजी संग्रहालय ऱ्हायलंच की," ते शेवटी म्हणाले. "परत जावं लागंल. आन् बाई, जूनपास्नं लोहाऱ्याच्या शाळेच्या वक्ताला गाडी हाय का, ते त्या तुमच्या पाव्हण्याला इचारा."

'तुमच्या पाव्हण्याला' म्हणताना मिशीआड हसले, ते मी बघितलं.

शनिवारी मी लोहाऱ्याला उतरले. गाडीतल्या सगळ्यांनी माना वळवून बघितलं. खिडकीत तो होता, पण खळी नव्हती.

"मंगळवारी अर्धी रजा टाकून गेलो," तो म्हणाला. "तो चेहरा संग्रहालयात नेऊन दिला. कुणाला सापडला म्हणाले. म्हटलं, मुक्ताला. मग आत गेलो… बाई, लई बघितलं. पर एकट्यानं बघून मन भरंना." तो थांबला. "तुमी रागावलाय अजून?"

"पोरींची आठवी ठरली," मी म्हणाले. "सकाळची गाडी वेळेवर सोडायचा जिम्मा तुमचा."

आता खळी पडली. मग तो टेबलावरचा पेन उगाच इकडं तिकडं करत राहिला.

"आई म्हणत होती… माळवदावर माती टाकायला एक माणूस कमी पडतंय."

"यंदा?"

"दरसाल."

लिंबाची फुलं खिडकीच्या फळीवर पडली होती. मी ती एका बोटानं गोळा केली. आत बघायचा धीर होत नव्हता, पण बघितलं.

"मी माती टाकणार नाही," मी म्हणाले. "आधी चाळणार. चाळल्याशिवाय एक पाटी वर जाऊ देणार नाही. चालेल?"

"दरसाल?" त्यानं विचारलं.

"दरसाल," मी म्हणाले, आणि माझी उमरग्याची गाडी मागं सुटून गेली, ती मी जाऊ दिली.