पोकळ लादी

लादी बोलते, असं सीताराम म्हणायचा. त्यावर त्याची बायको कमल म्हणायची, "तीच तेवढी तुमच्याशी बोलता, म्हणान बरां." लालबागच्या चाळीत हा विनोद आता जुना झाला होता. पण सीतारामचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बसवून वाळलेल्या लादीवर थापीच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचं. खाली माल नीट भरलेला असला तर आवाज टणक येतो. कुठं पोकळी राहिली असली तर बद्द. आणि बद्द लादी आज ना उद्या तडकतेच. गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांत सीतारामनं अशा लाद्या बसवल्या होत्या. कुणी कधी त्याला कागद विचारला नव्हता.

सत्तावन्न साली संयुक्त महाराष्ट्राची समिती पालिकेत निवडून आली, चाळीत पेढे वाटले गेले, आणि त्याच सुमाराला परळच्या एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहाचं काम त्याच्याकडे चालत आलं. एवढं मोठं काम त्याला जन्मात मिळालं नव्हतं. अडचण एकच होती, ठेकेदार लायसनवाला हवा. आणि लायसन हवं तर कामावरच्या माणसांचा विमा हवा, शिवाय वरच्या मजल्यावरचा मोठा वॉर्ड नमुना म्हणून बसवून सरकारी इंजिनीअरकडून पास करून घ्यायला हवा.

विम्याचं बघायला हेमचंद्र आला. गिरगावातला एजंट, बोलणं लोण्यासारखं. चहा पिता पिता त्याचं लक्ष कोपऱ्यात खोकणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलं.

"ते गृहस्थ?"

"भिवा. मला लादीकाम त्यानंच शिकवलं."

"शिकवलं असेल हो. पण दगडाची भुकटी छातीत बसलेली दिसतेय. कंपनीनं यांना पाहिलं तर सगळ्यांचीच पॉलिसी अडकेल. यांना दाखवू नका."

"दाखवू नका म्हणजे?"

"म्हणजे ते तुमच्याकडे नाहीतच. काम करू द्या की, नको कोण म्हणतंय!"

सीतारामनं दुपारी भाकरी खाताना भिवाला सगळं सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघणं मात्र टाळलं. भिवा खो खो हसला आणि त्या हसण्यातच त्याला ढास लागली.

"म्हंजे मी हाय, पन नाय! बरं झालं. आता माझ्या कामात खोड काढायची तुला सोय ऱ्हायली नाय."

"लायसन हातात आलं की पहिलं तुझं नाव घालतो, भिवा."

"घाल रे. मी कुठं पळून चाललोय?"

वॉर्ड भिवानंच बसवला. लादी बसवणारा दाराच्या समोरच्या भिंतीपासून सुरुवात करतो. उकिडवा बसतो, दाराकडे पाठ करून, आणि एकेक लादी बसवत मागे मागे सरकत शेवटी दारातून बाहेर निघतो. ताज्या कामावर पाय पडत नाही तो असा. भिवा दारापर्यंत आला, एक ओळ राहिली, आणि नेमका त्या दिवशी समितीचा मोर्चा निघाला. बाकीचे गडी मोर्चाला गेले. बांबूंची परांची बांधणारेही गेले.

"सगळं गिरणगाव रस्त्यावर, आन् आपन दार लावून काम करायचं?" भिवा म्हणाला. "लोक थुंकतील तोंडावर."

"एकच ओळ आहे. इंजिनीअर आठवड्यावर आलाय. ही झाली की दोघंही जाऊ."

लाद्या खाली होत्या, जिन्याचं काम अजून ओलं होतं. भिवा डोक्यावर थप्पी घेऊन परांचीवर चढला. वरच्या बांबूची गाठ सैल होती.

सीतारामला आधी लाद्या फुटल्याचा आवाज आला, आणि पहिला विचार मनात आला तो लाद्यांचाच. याचं त्याला पुढं फार वाईट वाटत राहिलं.

हवालदार आला. त्याचं अर्धं लक्ष मोर्चाकडे होतं. "तुमचा माणूस?"

विमा नसलेला माणूस कामावर मेला म्हटल्यावर लायसन कायमचं गेलं असतं. सीताराम म्हणाला, "नाही. ओळखीचा होता. भेटायला आला होता."

भिवाची बायको कौसल्या नायगावहून धावत आली होती. ती मागेच उभी होती. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "भेटायला आलं हुतं व्हय, भावजी?"

राहिलेली ओळ सीतारामनं स्वतः बसवली. वाळल्यावर सगळा वॉर्ड ठोकून पाहिला. टणक, टणक, टणक. फक्त समोरच्या भिंतीला लागून, अगदी कोपऱ्यात, बद्द.

भिवाच्या हातची लादी आणि बद्द! सीतारामला पटेना. त्यानं ती उचकटली. खाली माल काठोकाठ भरलेला होता, बोट शिरायला जागा नव्हती. तरी त्यानं नवा माल घालून ती पुन्हा बसवली.

दुसऱ्या दिवशी ती टणक वाजली. तिच्या शेजारची, दाराच्या बाजूची, बद्द वाजली.

त्यानं लवूला बोलावलं. लवू त्याच्या गड्यांतला तरुण, हाताचा पक्का. लवूनं ठोकलं आणि मान हलवली.

"पोकळ आहे, शेट. भिवाकाका असते तर..."

ती लादीही उचकटली. खाली पोकळी नव्हती. तिसऱ्या दिवशी बद्द आवाज एकदम चार लाद्या मागे सरकला होता. सीतारामनं खडूनं खूण करून पाहिली. उकिडव्या माणसाच्या बुडाखाली मावेल एवढीच ती जागा होती, ना कमी ना जास्त. आणि ती ज्या क्रमानं सरकत होती तो क्रम त्याला पाठ होता. लहानपणी त्यानं तो शेजारी बसून पाहिला होता.

त्यानं लाद्या उचकटणं बंद केलं. असाच सरकत राहिला तर इंजिनीअर येईपर्यंत दारातून बाहेर पडेल, असा त्यानं मनाशी अंदाज बांधला. या विचारानं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

इंजिनीअर आला त्या सकाळी पोकळी उंबऱ्याला लागलेल्या शेवटच्या लादीखाली होती.

सीताराम तिच्यावर उभा राहिला.

इंजिनीअर काठीनं ठोकत ठोकत दारापाशी आला. "सुरेख काम. कुणाचा हात?"

"माझाच, साहेब."

"इथं कुणी पडलं म्हणतात. तुमच्यातलाच होता का?"

पायाखालची लादी गार होती. कुणी श्वास धरून ठेवावा तशी स्तब्ध. सीतारामच्या तोंडात भिवाचं नाव आलं, अगदी ओठांपर्यंत आलं. लायसन समोर उभं होतं.

त्यानं ते नाव गिळलं.

"नाही, साहेब. माझा माणूस नव्हता."

"सरका जरा."

तो सरकला. इंजिनीअरनं ठोकलं.

टणक.

साहेब गेल्यावर सीतारामनं उंबरा ठोकला, जिना ठोकला, खालची ओसरी ठोकली. कुठंच काही सापडलं नाही.

लायसन काचेत बसवून भिंतीवर लागलं. कमलनं खोबऱ्याच्या वड्या केल्या. एक डबा कौसल्येला द्यावा म्हणून सीताराम नायगावच्या नाक्यापर्यंत गेला आणि डब्यासकट परत आला. कमलनं वड्या न मोजताच डबा फळीवर ठेवून दिला.

मग हेमचंद्र पुन्हा आला. "आता तुम्ही लायसनदार. स्वतःचा विमा नको?"

गिरगावात डॉक्टरनं त्याला पालथं झोपवलं, पाठीवर एक बोट टेकवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकू लागला. सीतारामला हसू आलं. "तुम्ही पण आमच्यातलेच की, डॉक्टर."

"अहो, आवाजावरनं आतलं कळतं," डॉक्टर म्हणाला आणि ठोकत राहिला. मग थांबला. कमरेच्या वर, डावीकडे, अगदी कोपऱ्यात, त्यानं पुन्हा ठोकलं.

सीतारामनंही ऐकलं.

"दुखतं इथं?"

"नाही."

"उद्या या बरं परत."

दुसऱ्या दिवशी तिथला आवाज स्वच्छ होता. डॉक्टरचं बोट वर सरकलं आणि अडलं. त्यानं आपल्याच बोटाकडे पाहिलं, हात पुसले, आणि कागद न लिहिताच मिटला.

सीताराम पुन्हा गेला नाही. घरीच तो कमलसमोर उघडा बसू लागला. "ठोक. खंय असा ता सांग."

"तुमका झाला तरी काय?" म्हणत ती ठोकायची. पहिल्या दिवशी चेष्टेनं. मग चेष्टा संपली. बोटभर वर, मग आणखी बोटभर. पाठ संपली, खांदा संपला.

आज तिनं गळ्याखालच्या खळग्यात बोट टेकवलं, ठोकलं, आणि हात मागे घेतला.

सीतारामनं दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, दार लावावं तसे, तोंडावर घट्ट दाबून धरले.